बारावी संपत आली : गुणांखेरीज मनात काय चालते?

धागाकर्ती : दुधनाकाठ

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यातील एका खेड्यात राहते आणि सेलूच्या कनिष्ठ महाविद्यालयात बारावी विज्ञान शाखेत शिकते. प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आली आहे, फेब्रुवारीत लेखी परीक्षा सुरू होईल आणि मार्चमध्ये सारे आटोपेल. या दिवसांत बारावीच्या मुलांविषयी पुष्कळ लिहिले जाते, परंतु ते बहुतेक वेळापत्रकाविषयी आणि ताणाविषयी असते. माझे म्हणाल तर पुस्तक समोर असते तेव्हा ताण वगैरे जाणवत नाही. मन भरकटते ते बसमध्ये, प्रयोगशाळेत ब्युरेट रिकामे होण्याची वाट पाहत उभे असताना, किंवा रात्री वीज गेल्यावर. त्या वेळी येणारे विचार गुणांचे नसतात, म्हणून ते कुणापुढे बोलताही येत नाहीत. हा धागा त्यांच्यासाठी आहे.

सर्वांत अधिक विचार मला एसटीच्या पासचा येतो. ग्रामीण भागातील मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून बारावीपर्यंत शाळेत जाण्यायेण्यासाठी एसटीचा प्रवास विनामूल्य असतो. आमच्या गावातील शाळा सातवीपर्यंतच असल्यामुळे आठवीपासून मी त्याच पासवर सेलूला जाते. बारावी संपली की तो पास संपेल. त्यानंतर विद्यार्थ्यांना सवलतीचा मासिक पास मिळतो आणि महिलांना २०२३ पासून निम्मे तिकीट आहे, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे प्रश्न केवळ पैशांचा नाही. आजवर सकाळी घराबाहेर पडताना मला कुणाची परवानगी मागावी लागली नाही. शाळा होती, पास होता, बस येत होती, म्हणून मी जात होते. मार्चनंतर प्रत्येक जाण्याला कारण द्यावे लागेल, आणि ते कारण घरातील सर्वांना पटावे लागेल. मुलांच्या बाबतीत असे होत नसावे असे मला वाटते, परंतु खात्री नाही. येथील वाचकांनी सांगावे.

दुसरा विचार बाकावर शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीचा आहे. तिच्याकडे दिवाळीपासून स्थळे येऊ लागली आहेत. ती आईवडिलांना, मला अठरा पूर्ण होऊ द्या आणि निकाल लागू द्या, असे सांगून दिवस पुढे ढकलते आहे. रसायनशास्त्रात ती माझ्याहून पुढे आहे. आम्ही दोघी बसमध्ये अभिक्रिया पाठ करतो आणि स्थळांच्या विषयावर बोलत नाही.

तिसरी गोष्ट माझी स्वतःची आहे. 'पुढे काय?' या प्रश्नाला आमच्याकडे दोनच उत्तरे मान्य आहेत : नीट, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा, किंवा इंजिनीअरिंग. मला बी. एस्सी. कृषी करावे असे वाटते. गेल्या खरिपात परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या अंतिम वर्षातील विद्यार्थिनी, ज्यांना गावात सगळे कृषिकन्या म्हणतात, आमच्या गावात राहिल्या होत्या. त्यांनी आमच्या ओसरीत सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियम हे नत्र पुरवणारे जिवाणू लावून दाखवले आणि ते सावलीतच का वाळवायचे हे माझ्या आजीला तिच्या भाषेत समजावून सांगितले. वडील पेरतात ते एमएयूएस-६१२ हे वाण परभणीतच तयार झाले, हेही मला तेव्हा कळले. तोवर पिशवीवरची ती अक्षरे म्हणजे एखाद्या कंपनीचा क्रमांक असावा अशी माझी समजूत होती. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत ते सोयाबीन पाण्यात गेले. वडिलांना मी कृषीचे नाव सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "शेतातून बाहेर पडावी म्हणून तुला शिकवलं, बाई." त्यात राग नव्हता, म्हणूनच मला उत्तर देता आले नाही.

आपल्या बारावीच्या शेवटी आपल्या मनात काय होते ते सर्वांनी लिहावे ही विनंती. सल्ला दिला तरी चालेल, परंतु आधी आठवण लिहावी.


पुण्यातला परभणीकर :

अट मान्य आहे, म्हणून आठवण आधी. माझी बारावी २०१६ सालची. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले तेच ते वर्ष. परभणीत आमच्या वसाहतीत टँकर कधी येईल याचा नेम नसे, आणि घरात धडधाकट असा मी एकटाच होतो. दोन पेपरांच्या मधल्या सुटीत मी पुस्तक घेऊन टँकरच्या रांगेत बसत असे. त्या दिवसांत माझ्या मनात सतत एकच हिशेब चाले : मी शिकायला पुण्याला गेलो तर घागरी कोण उचलणार? प्रवेश मिळेल की नाही याची काळजी मला त्यापेक्षा पुष्कळ कमी होती. लोकांना हे सांगितले तर ते हसतात. मी गेलो, आईने घागरींऐवजी लहान कॅन घेतले, आणि प्रश्न तेवढ्यावर मिटला. मी मात्र महिनोन्‌महिने तो सोडवत बसलो होतो.

आता सल्ला. कृषीला जाण्यापूर्वी एका गोष्टीचा विचार अवश्य करावा. माझ्या ओळखीतील कृषी पदवीधर बहुतेक सारे स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांमध्ये बसलेले आहेत. शेतावर, बियाण्याच्या कामात किंवा प्रयोगशाळेत गेलेले फार थोडे. अभ्यासक्रमात वाईट काहीच नाही, परंतु चार वर्षांनंतर तोच 'पुढे काय?' पुन्हा समोर उभा राहतो, आणि तेव्हा वयही वाढलेले असते. आपल्या वडिलांची भीती भाबडी नाही एवढेच मला म्हणायचे आहे.


मांजराकाठचा :

मी गेल्या वर्षी बारावी उत्तीर्ण झालो आणि सध्या लातूरमध्ये नीटची पुन्हा तयारी करत आहे. धागाकर्तीने लिहिलेला बसमधला वेळ वाचून मला हेवा वाटला, कारण माझ्या बारावीत असा वेळच नव्हता. माझा प्रवेश एका महाविद्यालयात होता, परंतु दिवस जायचा तो खासगी शिकवणीत. ही व्यवस्था आता इतकी रुळली आहे की तिच्यात काही वावगे आहे असे कुणाला वाटतही नाही. तिचा परिणाम मला निरोप समारंभात कळला. व्यासपीठावरचे शिक्षक भावुक होऊन बोलत होते आणि मी बाजूच्या मुलाला त्याचे नाव विचारत होतो. दोन वर्षे एकाच हजेरीपटावर असलेली ती मुले मला अनोळखी होती. काही संपते आहे असे वाटण्यासाठी आधी ते सुरू व्हावे लागते, आणि माझे कनिष्ठ महाविद्यालय सुरूच झाले नव्हते.

माझी खरी आठवण डब्याची आहे. आमच्या गावाहून पहाटेच्या गाडीने डबा येतो. आई तो गावच्या थांब्यावर चालकाजवळ देते आणि मी लातूरच्या स्थानकावर उतरवून घेतो. असे डबे त्या गाडीत पुष्कळ असतात, झाकणावर नावे रंगवलेली असतात, आणि एखाद्या दिवशी कुणी चुकून दुसऱ्याचा नेला तर त्या दिवशी ज्वारीच्या भाकरीऐवजी चपाती मिळते. बारावीच्या शेवटच्या दिवसांत मी रोज डबा उघडताना असा विचार करत असे की पहाटे चारला उठून केलेल्या या भाकरीची किंमत मी किती गुणांत फेडणार आहे. नीटमध्ये १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात, चुकलेल्या उत्तराला एक गुण कापला जातो, आणि एकदा तो हिशेब डोक्यात बसला की माणूस सगळ्याच गोष्टी त्यात मोजू लागतो. आईने असे काही कधीच म्हटलेले नाही. हा हिशेब मी स्वतःच मांडला आहे.

पुन्हा वर्ष द्यावे की देऊ नये याविषयी मी कुणालाही काही सांगणार नाही. ज्याला दुसरे काही करावेसेच वाटत नाही त्याने द्यावे. धागाकर्तीला दुसरे काही करावेसे वाटते आहे, आणि माझ्या वसतिगृहात हे भाग्य असलेली मुले थोडी आहेत.


बालाघाट :

येथे सर्व जण विज्ञान शाखेचे दिसतात. मी बीड जिल्ह्यातील धारूर तालुक्यात बारावी कला शाखेत शिकतो. माझे आईवडील ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, गाडी येते आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, ते परत येत नाहीत. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, म्हणजे ती नेहमी हंगामातच येते. दहावीच्या वेळीही तसेच झाले. यंदा ते कर्नाटकात आहेत. मी आजीजवळ गावी राहतो.

आपण सारे घरातून बाहेर कसे पडावे याचा विचार करत आहात. माझ्या मनात उलट प्रश्न असतो. बारावीपर्यंत मी शाळेचा म्हणून मागे राहिलो. धाकटी भावंडे लहान असल्यामुळे तीही मागे राहिली. आता शाळा संपली की पुढच्या हंगामात मी मोकळा हात ठरेन. घरात अजून कुणी तसे म्हटलेले नाही, परंतु उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेण्याची वेळ आली की मुकादम किती कोयते, म्हणजे तोडणीला किती जण, ते विचारतो, आणि त्या प्रश्नाच्या वेळी माझे नाव निघेल हे मला माहीत आहे. म्हणून मी पहाटे डांबरी रस्त्यावर धावतो. पोलीस भरतीत शारीरिक चाचणीला ५० गुण असतात, त्यातील २० गुण १६०० मीटर धावण्याचे आहेत, आणि बारावी उत्तीर्ण व अठरा वर्षे पूर्ण एवढे असले की अर्ज करता येतो. मला पोलीस व्हावे असे फार वाटते असे नाही. परंतु भरतीची तयारी चालू आहे असे सांगितले की घरचे आणि मुकादम दोघेही थांबतात.

परवानगी मुलांनाही मागावी लागते. ती वेगळ्या गोष्टीसाठी असते, एवढाच फरक.


दुधनाकाठ :

बालाघाट, आपला प्रतिसाद मी पुन्हा वाचला. मुलांच्या बाबतीत असे होत नसावे हे माझे वाक्य मी तसेच ठेवते, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांना आपले उत्तर कशाला आहे ते कळेल. परीक्षेच्या दिवशी आईवडिलांशी बोलणे होते का?

परभणीकर दादा, आम्हाला आता 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' असा अनिवार्य विषय असतो. माझा प्रकल्प अर्धवट राहिला आहे. आपल्या टँकरच्या रांगेवरून मी तो पूर्ण करू शकेन असे दिसते. आपला कृषीविषयीचा मुद्दा मला पटला नाही असे नाही, पण कृषी पदवीधर अभ्यासिकेत बसतो तसा अभियंताही बसतो. मग आक्षेप एकट्या कृषीवर का?


बालाघाट :

सकाळी दहाच्या आत बोलणे होते, कारण नंतर ते फडात असतात आणि तेथे मोबाईलला रेंज मिळत नाही. आई नेहमी, जेवलास का, एवढेच विचारते. पेपर कोणता आहे हे तिला सांगून उपयोग नसतो, तरी मी सांगतो.


खडूफळा :

मी नांदेड जिल्ह्यातील एका ग्रामीण कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. शिक्षकांना बोलण्याची सवय असते म्हणून आधी गप्प राहिलो होतो.

मांजराकाठचा यांनी निरोप समारंभाविषयी जे लिहिले ते आम्हाला व्यासपीठावरूनही दिसते. लातूर पॅटर्नचे, म्हणजे तेथील महाविद्यालयांच्या परीक्षेच्या तयारीच्या पद्धतीचे, नाव गेली काही दशके राज्यभर आहे, आणि ते मेहनतीने मिळवलेले आहे हे मी नाकारत नाही. परंतु त्या नावामुळे आपल्या भागातील बारावीचा विद्यार्थी म्हटला की सर्वांच्या डोळ्यांसमोर शहरातील खोलीत जीवशास्त्राचे पुस्तक घेऊन बसलेला मुलगा येतो. २०२५ च्या बारावीच्या परीक्षेत राज्याचा निकाल ९१.८८ टक्के होता आणि नऊ विभागीय मंडळांत लातूर विभाग ८९.४६ टक्क्यांसह शेवटचा होता. या विभागात लातूर, नांदेड आणि धाराशिव हे तीन जिल्हे येतात. एका शहरातील काही महाविद्यालयांचे यश आणि तीन जिल्ह्यांतील सर्व मुलांची स्थिती या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या वर्गातील मुले दुसऱ्या गोष्टीत मोडतात. त्यांतील काही जण मार्चनंतर दिसेनासे होतात. अनुत्तीर्ण झालेला मुलगा पुरवणी परीक्षेला बसतो तेव्हा निदान त्याची पुन्हा भेट होते. काठावर उत्तीर्ण होऊन दाखला नेणाऱ्या मुलीची होत नाही. धागाकर्तीच्या मैत्रिणीविषयी वाचताना मला अशा कित्येक मुली आठवल्या. तिच्या शिक्षिकांपैकी कुणी घरी जाऊन बोलू शकत असेल तर निकालापूर्वी जावे. निकालानंतर लग्नपत्रिका छापलेल्या असतात. आणि अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी लग्न ठरवण्याचा प्रयत्न झाला तर १०९८ हा बालकांच्या मदतीचा विनामूल्य क्रमांक आहे, हे त्या मुलीला ठाऊक असू द्यावे.

आता कामाचे. मुलांच्या मनात काय चालते याची यादी मी केली तर तिच्यात कागदपत्रांचे स्थान फार वरचे असेल, आणि हा विचार मनात ठेवण्यापेक्षा तहसीलला जाऊन संपवलेला बरा. राखीव प्रवर्गातील विज्ञान शाखेच्या मुलांनी जात पडताळणीचा अर्ज बारावीत असतानाच महाविद्यालयामार्फत जिल्हा समितीकडे पाठवावा. जूनमध्ये त्या कार्यालयासमोर जी गर्दी असते ती पाहिलेला मनुष्य हे पुन्हा सांगायला लावत नाही. नॉन-क्रिमिलेयर, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याच्या, प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते, तेव्हा आपल्या प्रमाणपत्रावर कोणत्या वर्षाचा ३१ मार्च लिहिला आहे ते आजच पाहावे. कृषीचा प्रवेश राज्याच्या सीईटी या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतो. जीवशास्त्र गटाची ती परीक्षा २०० गुणांची असते, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, आणि सुमारे ८० टक्के भाग बारावीच्या अभ्यासक्रमावर असतो. म्हणजे मंडळाच्या परीक्षेची तयारी वाया जात नाही.

आणखी एक. इतर मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल प्रवर्गातील, कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षण व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून झालेला असावा. वसतिगृह आणि खाणावळ त्यात येत नाही. वडिलांशी बोलताना हे दोन्ही भाग सांगावेत, कारण दुसरा भाग त्यांना नंतर कळला तर पहिल्यावरचा विश्वासही उडतो.


औसेकर :

मी १९९३-९४ साली लातूर जिल्ह्यात औशाला बारावीत होतो. तारीख सांगितली की आमच्याकडील लोकांना पुढचे सांगावे लागत नाही. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, गणेश विसर्जनाची रात्र नुकतीच सरली होती. आमच्या गावात भिंतींना तडे गेले, इतकेच. परंतु मामाचे गाव तेवढ्यावर सुटले नाही. ते वर्ष आम्ही कसे शिकलो हे मला आजही नीट सांगता येत नाही. पत्र्याखाली तास होत. शिक्षक अर्ध्या तासात थांबत. वर्गातील काही मुले येईनाशी झाली, ती का येत नाहीत हे विचारायचे नसते असे आपोआप ठरून गेले होते.

फेब्रुवारीत माझ्या मनात जे होते ते मी तेव्हा कुणालाही सांगितले नाही. मला लातूरला जाऊन शिकावे, सिनेमा पाहावा, नवा सदरा शिवावा असे वाटत होते. सभोवती माणसे तंबूत राहत असताना आपल्याला सदऱ्याचा विचार सुचतो याची मला लाज वाटे. आता या वयात वाटते की सतरा वर्षांच्या मुलाला सदरा सुचणारच, आणि तो सुचत होता म्हणूनच मी अभ्यास करू शकलो. धागाकर्तीने पासचा विचार करण्याबद्दल जो संकोच व्यक्त केला आहे तो तिने सोडून द्यावा.

जूनमध्ये मी लातूरला बी. एस्सी.ला प्रवेश घेतला. सप्टेंबरात नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि आमचे महाविद्यालय त्याकडे गेले. अर्ज एका विद्यापीठाचा आणि पदवी दुसऱ्याची, यावरून पुढे मुलाखतीत मला हमखास प्रश्न येई. हे विषयाला सोडून झाले.

विषयाला धरून असे की माझी धाकटी बहीण त्या वर्षी दहावीत होती, आणि घर दुरुस्त होईपर्यंत तिची शाळा थांबवावी असे ठरले. घर दोन वर्षांत दुरुस्त झाले. तिची शाळा पुन्हा सुरू झाली नाही, आणि तसे कुणी ठरवलेही नव्हते. घरात एखादी गोष्ट 'तूर्त' थांबवली जाते तेव्हा ती कधीपर्यंत, हे त्याच बैठकीत ठरवून घ्यावे. हा माझा एकमेव सल्ला, आणि तो मुलींपेक्षा त्यांच्या भावांसाठी अधिक आहे. मी त्या बैठकीत होतो आणि बोललो नाही.


जिंतूरची आई :

माझी मुलगी यंदा बारावीला आहे. ती हा धागा वाचते, म्हणून मी मोजकेच लिहिते. वडिलांनी "शेतातून बाहेर पडावी म्हणून शिकवलं" असे म्हटले, त्याचा अर्थ त्यांनी कृषीला नकार दिला असा मी काढणार नाही. गेल्या सप्टेंबरात ज्यांचे पीक गेले त्यांच्या तोंडून शेतीविषयी चांगला शब्द पुढील खरिपापर्यंत येणार नाही. आमच्या घरीही येत नाही. त्यांना पगाराचे, परीक्षेचे, नोकरीचे काही सांगू नका. त्या कृषिकन्यांपैकी एखादीचा क्रमांक असेल तर तिला घरी बोलवा, किंवा वडिलांना एकदा परभणीच्या विद्यापीठात घेऊन जा. मे महिन्यात, १८ तारखेला विद्यापीठाचा स्थापना दिवस असतो आणि त्या सुमारास खरीप शेतकरी मेळावा भरतो, तेथे बियाणे घ्यायला आमच्याकडील पुष्कळ लोक जातात. बियाण्यासाठी जा आणि त्यांना वर्ग दाखवून आणा.


पुण्यातला परभणीकर :

अभियंताही अभ्यासिकेत बसतो, हे धागाकर्तीचे उत्तर योग्य आहे. मी स्वतः अभियंता असून दोन वर्षे तेथेच बसलो होतो, त्यामुळे या मुद्द्यावर अधिक बोलत नाही. आक्षेप मागे घेतो, परंतु एक दुरुस्ती सुचवतो : कृषीला गेल्यावर पहिल्याच वर्षी बियाणे, मृदा की कीटक, यांपैकी कशात मन रमते ते पाहत राहावे. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रातून तुरीचे बीडीएन-७११ हे वाण आले तसे काम करणारी माणसे कमी आहेत, आणि त्या कामाला लोक हवे आहेत.


दुधनाकाठ :

सर्वांचे आभार. जे घडले ते थोडक्यात लिहिते, कारण यापुढे लेखी परीक्षा संपेपर्यंत मी येथे येणार नाही.

वडिलांना शुल्कमाफीविषयी सांगितले आणि खाणावळीचा भाग लपवला नाही. त्यांनी खाणावळीला महिन्याला किती लागतील ते विचारले. मला तो आकडा ठाऊक नव्हता, परंतु त्यांनी तो विचारला याचा अर्थ मी माझ्यापुरता लावला आहे. सीईटीचा अर्ज भरण्यास ते हो म्हणाले. नीटचाही भरावा अशी त्यांची अट आहे आणि मी ती मान्य केली आहे, कारण जीवशास्त्र दोन्हीकडे तेच आहे. मेळाव्याचे मी त्यांना सांगितले नाही; आईला सांगितले आहे, ती सांगेल.

औसेकर काका, 'तूर्त'विषयी आपण लिहिले ते मी मैत्रिणीला वाचायला दिले. तिने ते आपल्या भावाला पाठवले. तो संभाजीनगरला एका कारखान्यात काम करतो आणि घरात त्याचे ऐकतात. त्याचे उत्तर अजून आलेले नाही. आमच्या जीवशास्त्राच्या बाई तिच्या घरी प्रात्यक्षिक परीक्षेनंतर जाणार आहेत.

बालाघाट, आपल्या भरतीची जाहिरात निघाली तर येथे लिहावे.

खडूफळा सर, एक शंका राहिली. माझ्या नॉन-क्रिमिलेयर प्रमाणपत्रावर ३१ मार्च २०२६ ही तारीख आहे. प्रवेशाच्या फेऱ्या उन्हाळ्यानंतर होतील. ते चालेल का? आणि प्रयोगवही प्रमाणित करताना मुखपृष्ठावर परीक्षा क्रमांक लिहायचा की नाही, यावर आमच्या वर्गात दोन पक्ष पडले आहेत.


खडूफळा :

चालणार नाही. २०२६-२७ च्या प्रवेशासाठी ३१ मार्च २०२७ पर्यंत वैध असलेले प्रमाणपत्र लागेल. उत्पन्नाचा नवा दाखला एप्रिलमध्ये काढावा आणि त्याबरोबरच नॉन-क्रिमिलेयरसाठी सेतू केंद्रात अर्ज करावा. पावती जपून ठेवावी, कारण प्रमाणपत्र वेळेत आले नाही तर अर्जाच्या वेळी तिचा उपयोग होतो. प्रयोगवहीच्या बाबतीत आपल्या विषय शिक्षकांना विचारावे. प्रत्येक महाविद्यालयाची पद्धत निराळी असते आणि बाहेरून येणारे परीक्षक आतली पाने पाहतात.